सड्यावरचा कडा नकाशात कुठे जातो?

हातातल्या जीपीएससाठी नकाशा घेताना बहुतेक जण आधी समोच्च रेषा पाहतात. वीस मीटरच्या की दहाच्या? रेषा जेवढ्या दाट तेवढा नकाशा अचूक, असा त्यामागचा हिशेब. मालवण-कुडाळच्या मुलखात हा हिशेब फसतो. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच नकाशांतली उंची एकाच ठिकाणाहून आलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने अकरा दिवस रडारने पृथ्वी मोजली. त्यातून साधारण तीस मीटरच्या प्रत्येक चौकटीला एक उंची मिळाली. त्याच आकड्यांवरून संगणक दहाच काय, पाच मीटरच्याही रेषा काढून देईल. रेषा वाढतात, माहिती तेवढीच राहते. आता सडा डोळ्यांपुढे आणा. वर जवळजवळ सपाट कातळ आणि कडेला एकदम तुटलेली जांभ्याची उभी धार. ही धार दहा मीटरची असली, तरी तीस मीटरच्या चौकटीत ती सरासरीत विरते आणि पडद्यावर आरामात उतरता येईल असा उतार दिसतो. शिवाय गर्द राईत रडारला जमिनीऐवजी अनेकदा झाडोराच लागला, त्यामुळे झाडीने भरलेला व्हाळ नकाशात प्रत्यक्षापेक्षा उथळ येतो.

म्हणून रेषा किती, यापेक्षा त्या कोणी आणि कशावरून काढल्या हे आधी विचारावं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवरही समोच्च रेषा वीस मीटरच्याच असतात. पण त्या पत्रकाची खरी किंमत रेषांच्या मधल्या जागेत आहे, कारण ते जमिनीवर पडताळलेलं असतं. दोन रेषांच्या मध्ये हरवणाऱ्या तुटीसाठी तिथे खडकाची वेगळी खूण असते आणि कधी शेजारी बारीक आकडा व त्याला जोडून इंग्रजी ‘आर’ हे अक्षर. आठ आणि आर म्हणजे पायथ्यापासून आठ मीटर उंच. पाण्याचंही तसंच: बारमाही प्रवाह निळा, कोरडं पात्र काळं. कोकणात ही काळी रेष जपून वाचावी. मे महिन्यात चपला न भिजवता ओलांडलेला व्हाळ जुलैत माणसाला उभं राहू देत नाही. उपग्रहाचं छायाचित्र याबाबत मुकं असतं, कारण ढग नसलेलं चित्र बहुधा कोरड्या दिवसांतलंच असतं.

यावर कोणीही म्हणेल की टोपोशीट जुनी असतात. खरंच आहे, सर्वेक्षणाचं साल पत्रकावरच छापलेलं असतं. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, महामार्ग रुंदावला, आणि मुख्य म्हणजे सड्यांवर चिरेखाणी पडल्या. सरळ भिंतींची ही खाण पावसात पाण्याने भरते आणि तिच्या काठावर पोचेपर्यंत दिसत नाही. नवी खाण जुन्या पत्रकात नाही, २००० च्या रडारातही नाही. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपचा थर हवा, तोही ताजा उतरवलेला. मात्र तिथे पायवाट कोणीतरी चालून भरली असेल तरच असते. रिकामी जागा म्हणजे वाट नाही, असं समजू नये. मोबाइल पुरे, हा दुसरा आक्षेप. गावात तो पुरतो. धो धो पावसात ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही, तेव्हा बटणांचं यंत्र बरं वाटतं.

दोन्ही थर यंत्रात ठेवावेत: भूरूपासाठी आणि जुन्या वाटांसाठी टोपोशीट, आजच्या रस्त्यांसाठी दुसरा. पण टोपोशीट चढवताना एका गोष्टीकडे काणाडोळा नको. जुनी पत्रकं एव्हरेस्ट या मापन-आधारावर बेतलेली आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालतं. आपल्या किनाऱ्यावर या दोहोंतला फरक शंभर मीटरहून अधिक पडतो. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर एवढ्याने काठालगतची खूण कर्ली नदीच्या पाण्यात जाऊ शकते. २००५ च्या नकाशा धोरणानंतरची खुल्या मालिकेतली पत्रकं डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत, म्हणून शक्यतो तीच घ्यावीत. आणि नकाशा चढवल्यावर घाटात जाण्याआधी गावातल्या देवळासमोर मोकळ्या आभाळाखाली उभं राहून पाहा: देऊळ आणि बाण यांत पन्नास मीटरहून जास्त अंतर दिसलं, तर तो नकाशा दुरुस्त केल्याशिवाय सोबत नेऊ नका.