मोहोळमध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी कोण घेतं, आणि पैसे कोण देतं?

पीएचडीच्या तयारीत असाल तर परदेशी संशोधनात 'अडल्ट सोशल केअर' हा शब्द भेटलाच असेल. इंग्लंडमध्ये ती काउन्सिलची कायदेशीर जबाबदारी आहे. २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे काउन्सिल गरज तपासते, मग ऐपत तपासते, आणि मदतनीस घरी पाठवते किंवा त्याचा खर्च उचलते. हा शब्द घेऊन तुम्ही मोहोळच्या नगरपरिषदेत गेलात आणि 'तुमचा सोशल केअरचा विभाग कुठे आहे?' असं विचारलंत, तर समोरचा क्लार्क गोंधळेल. त्यात त्याची चूक नाही, चूक आपल्या प्रश्नाची आहे.

म्हणून प्रश्न फोडून बघा. पैसा कुठून येतो, वाटप कोण करतं आणि प्रत्यक्ष उठवणं-बसवणं कोण करतं? आपल्याकडे या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

महिन्याच्या पैशाचं काम तहसील कार्यालयातून चालतं. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांपुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना या राज्याच्या आहेत, नगरपरिषदेच्या नव्हेत. २०२३ मध्ये ही रक्कम १००० वरून १५०० रुपये झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५०० रुपये करायचं ठरलं. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचा ८० वर्षांखालच्यांसाठीचा वाटा २०० रुपये आहे, बाकीचे राज्य घालतं. उत्पन्नाची सर्वसाधारण अट मात्र वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. इतक्यात घर चालत नाही हे दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं. त्यामुळे दाखल्यावरचा आकडा थेट 'उत्पन्न' म्हणून टेबलात टाकू नका. तो पात्रतेचा आकडा आहे.

मग स्थानिक संस्था काय करते? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्या हिताचं रक्षण हा नगरपालिकांचा विषय आहे, आणि पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत समाजकल्याण आहे. मोहोळ तालुक्यात दोन्ही प्रकार एकत्र सापडतात. शहरात नगरपरिषद आहे, तर बहुतेक गावांत ग्रामपंचायत, वर पंचायत समिती आणि सोलापूर जिल्हा परिषद. सँपल ठरवताना हे विसरलात तर पुढे सगळी तुलना बिघडते.

या संस्थांकडे हक्काचा म्हणावा असा एक निधी आहे, दिव्यांग कल्याणाचा ५ टक्के. आधी तो ३ टक्के होता. पण ५ टक्के कशाचे? स्वउत्पन्नाचे. म्हणजे घरपट्टी, गाळ्यांचं भाडं वगैरे. सरकारी अनुदान त्यात धरत नाहीत. समजा एखाद्या छोट्या नगरपरिषदेचं स्वउत्पन्न २ कोटी आहे आणि नोंदणी झालेले दिव्यांग ५०० आहेत. निधी झाला १० लाख, आणि सारखा वाटला तर माणशी वर्षाला २ हजार. महिन्याला १६७ रुपये! घरपट्टीची वसुली रखडली की तेवढेही नाहीत. बऱ्याच ठिकाणी ही रक्कम सरसकट खात्यावर टाकली जाते. अंथरुणाला खिळलेल्याला आणि रोज कामावर जाणाऱ्याला सारखेच पैसे. माझ्या मते संशोधनाचा खरा विषय इथे आहे, कारण वाटणी सोपी असते आणि गरज मोजायला माणूस लागतो.

आणि म्हातारपण म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. गुडघे गेलेल्या पंचाहत्तरीच्या आजीकडे प्रमाणपत्र नसेल तर ती या निधीत बसतच नाही.

उरतं घर. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा जबाबदारी मुलांवरच टाकतो. प्राधिकरण महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह खर्च देववू शकतं. प्रत्येक जिल्ह्यात १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूदही त्यात आहे, पण 'करू शकेल' अशा भाषेत. लातूर जिल्हा परिषदेने याच दिशेने जाऊन आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापायचं ठरवलं होतं. हेही पैशांचंच उत्तर झालं. केरळने वेगळं केलं. २००८ च्या पॅलिएटिव्ह धोरणानंतर तिथल्या पंचायती आपल्या निधीतून नर्स घरोघरी पाठवू लागल्या. मोहोळची तुलना इंग्लंडपेक्षा केरळशी केलीत तर हाती जास्त लागेल.

फील्डवर्कसाठी सुरुवात अंदाजपत्रकापासून करा. दिव्यांग निधीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, तीन वर्षांचे, शेजारी शेजारी लिहा. मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. मग घरं. म्हाताऱ्या माणसाची मुलाखत सुनेसमोर झाली तर उत्तर 'सगळं बरं चाललंय' असंच येणार, आणि सुनेला बाहेर जा असं आपण म्हणू शकत नाही. म्हणून सुनेची मुलाखत वेगळी घ्या, आधी तिचीच घ्या. रात्री किती वेळा उठावं लागतं ते विचारा. तो आकडा कुठल्याच अंदाजपत्रकात सापडणार नाही.