सभासदाचा वाटा

रामायण आणि महाभारत या दोन ग्रंथांत मिळून एकच सुभाषित तीन निरनिराळ्या मुखांतून येते. अरण्यकांडात मारीच ते रावणाला ऐकवतो, युद्धकांडात बिभीषण त्याच रावणाला पुन्हा ऐकवतो आणि उद्योगपर्वात विदुर ते धृतराष्ट्राला सांगतो. राजाला गोड बोलणारे हवे तेवढे मिळतात, परंतु कटू असूनही हिताचे सांगणारा विरळा आणि ते ऐकून घेणाराही विरळाच, असा त्याचा आशय आहे. सुभाषितसंग्रहात हा श्लोक सुटा वाचला म्हणजे त्यात वादाला जागा उरत नाही. तो कथेत परत नेऊन ठेवला, म्हणजे मात्र एक अवघड प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याला त्याच्या अपराधाविषयी सावध केले की सांगणाऱ्याचे कर्तव्य संपते काय?

त्याआधी, हे कर्तव्य मुळात येते कोठून, हे पाहावयास हवे. अपराध करणाऱ्याचे कल्याण व्हावे, ही भावना त्यामागे आहेच. परंतु आपल्या परंपरेने याहून अधिक कठोर असे एक कारण दिले आहे, आणि ते सभापर्वात द्यूतप्रसंगी विदुराच्या तोंडी येते. द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नावर सभा गप्प बसलेली असताना विदुर प्रल्हादाची कथा सांगतो. प्रल्हादपुत्र विरोचन आणि सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद लागला. दोघांनीही प्राण पणाला लावले आणि निवाडा प्रल्हादाकडे आला. पुत्राचा जीव आणि सत्य यांच्या पेचात सापडलेल्या प्रल्हादाने कश्यपाला विचारले, की जाणत असूनही जो उत्तर देत नाही त्याची गती काय? कश्यपाचे उत्तर हिशेबी आहे. सभेत निंद्य कृत्याची निंदा झाली नाही, तर त्या पापाचा अर्धा भाग सभेतील श्रेष्ठाला लागतो, चौथा हिस्सा कर्त्याला आणि उरलेला चौथा हिस्सा गप्प बसलेल्या सभासदांना. निंदा झाली, तर श्रेष्ठ व सभासद सुटतात आणि सारे पाप कर्त्याकडे जाते. हे ऐकून प्रल्हादाने निवाडा पुत्राच्या विरुद्ध दिला.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही अशीच वाटणी आहे, पण तेथे चार सारखे हिस्से पडतात : कर्ता, साक्षी, सभासद आणि राजा. हा फरक केवळ पाठभेदाचा नाही, असे मला वाटते. मनूसमोर न्यायव्यवहार आहे, म्हणून तेथे साक्षीदाराचा वेगळा हिस्सा निघतो. महाभारतकारासमोर धृतराष्ट्र बसलेला आहे, म्हणून अर्धा भाग श्रेष्ठाच्या माथी येतो आणि प्रत्यक्ष कर्त्याहून त्याचा वाटा दुप्पट होतो. दोहोंत समान आहे ते एवढेच, की सभेतल्या मौनाला ‘काहीच न करणे’ मानलेले नाही. ते पापातले भांडवल आहे आणि त्यावर हिस्सा पडतो.

या दृष्टीने विकर्णाचे भाषण पुन्हा वाचण्यासारखे आहे. तो धृतराष्ट्राचा पुत्र, वयाने लहान. पितामह धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून थांबलेले असताना तो उठतो आणि मुद्दे मांडतो. द्यूतासारख्या व्यसनाच्या आहारी जाऊन केलेले कृत्य ग्राह्य नव्हे; द्रौपदी पाचांची पत्नी आहे; युधिष्ठिर आधी स्वतः हरला होता; आणि तिला पणाला लावण्याची सूचना शकुनीची होती. सभेत विकर्णाच्या प्रशंसेचा कोलाहल उठतो. परंतु कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प करतो, आणि मघा कोलाहल करणाऱ्यांपैकी एकही राजा स्वतःच्या नावाने बोलावयास उठत नाही. विदुर पुढे त्यांना म्हणतो ते नेमके हेच, की विकर्णाने आपल्या बुद्धीप्रमाणे उत्तर दिले, तसे तुम्हीही द्या. तरीही कोणी बोलत नाही.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) या प्रसंगी द्रौपदीलाच दोष दिला आहे. एवढा भीषण प्रसंग ओढवला असता पंडितेप्रमाणे कायद्याचा कीस काढण्याऐवजी क्षात्रधर्माच्या नावाने तिने दयेची हाक द्यावयास हवी होती, असे त्यांचे म्हणणे. ते वाचकाला अस्वस्थ करणारे आहे आणि सहज झटकून टाकता येत नाही. पण विदुराचा हिशेब लक्षात घेतला, तर उलट दिसते. दयेची याचना नाकारणारे फार तर निष्ठुर ठरले असते. धर्माचा प्रश्न विचारल्यामुळे ते प्रेक्षक राहिले नाहीत, सभासद झाले. आणि त्या क्षणापासून त्यांचा वाटा सुरू झाला.

एकांतातील हितोपदेश आणि सभेतील उक्ती यांचे मोल म्हणूनच एक नव्हे. आपल्या काळातील एक उदाहरण मराठी वाचकांच्या स्मरणात आहे. १९७५ साली, आणीबाणीत, कराडच्या मराठी साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी तुरुंगवासानंतर आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करावयास लावली. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे त्या वेळी केंद्रात मंत्री होते आणि व्यासपीठावरच होते. १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली. महाभारतातील व्यक्तींवर ‘व्यासपर्व’ (१९६२) लिहिणाऱ्या लेखिकेला सभा म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. एकच सुभाषित उच्चारणारे ते तिघे पुढे तीन वाटांनी गेले. मारीचाने रावणाला परोपरीने सांगितले. रावणाने प्राणांची धमकी देताच त्याने सुवर्णमृगाचे रूप घेतले आणि ज्या अपराधाविषयी सावध केले होते त्याचाच तो हस्तक झाला. बिभीषणाने पक्ष सोडला. मराठी वाचकाला येथे रामशास्त्री प्रभुणे आठवतील. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी धरून ते पुण्याचे न्यायाधीशपद सोडून गेले. विदुराने यांपैकी काहीच केले नाही. वनपर्वात धृतराष्ट्राने रागावून घालवून दिले तेव्हा तो काम्यकवनात पांडवांकडे गेला, आणि बोलावणे येताच परत येऊन पुन्हा तेच सांगू लागला. तिघांत त्याचीच वाट मला सर्वांत कठीण वाटते, कारण तीत सुटका नाही.

विकर्णाचा शेवट या तिन्हींत बसत नाही. सभेत तो बोलला. युद्धात मात्र भावांच्या बाजूने लढला. कश्यपाच्या हिशेबाने त्याचा वाटा फिटलेला होता, पण भीमाच्या प्रतिज्ञेत धृतराष्ट्राचे सर्व पुत्र होते, त्यांत अपवाद नव्हता. द्रोणपर्वात त्याला मारल्यावर भीम त्याच्यासाठी शोक करतो, हा आमचे हित पाहणारा होता असे म्हणतो. ही हकीगत संजय सांगत असतो आणि ऐकणारा धृतराष्ट्र असतो.