पाण्यातलं विष (लेखांक ६): शिसं गेलं, जस्त आलं तर?

मागच्या आठवड्यात आपण शिशाच्या छऱ्यांनी मरणारी बदकं पाहिली. पंख कौलारू छपरासारखे पाठीवर टाकलेली, हिरवट विष्ठा करणारी, घशाखाली अन्न तुंबून राहिलेलं असताना उपासमारीनं खंगलेली. उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दर वर्षी असे मरत असावेत, हा फ्रँक बेलरोज यांचा १९५९ चा अंदाज. अमेरिकेनं १९९१ च्या हंगामापासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं देशभर बंद केलं. पण शिशाऐवजी जो छर्रा येईल, तोही बदक गिळणारच. मग त्याचं पोटात काय होतं?

गिळणं टळत नाही, कारण बदकाला दात नाहीत. दाणा दळण्याचं काम पेषणी करते. ही जाड स्नायूंची पिशवी म्हणजे पोटातलं जातंच. त्यासाठी बदक बारीक खडे गिळून ठेवतं आणि तळ्याच्या गाळात पडलेला छर्रा त्याला खडा किंवा बी वाटतो. पेषणीत तो एकीकडे खड्यांवर घासला जातो, दुसरीकडे जठरातलं आम्ल त्याला खात राहतं. धातू थोडा थोडा झिजून रक्तात उतरतो. टणक मक्यावर जगणाऱ्या बदकाला शिसं अधिक बाधतं, हे जुनं निरीक्षण आहे.

शिशाऐवजी वापरलेला मऊ पोलादाचा छर्राही असाच झिजतो, पण लोखंड शरीराच्या ओळखीचं आहे. जादा लोह यकृतात साठतं, बदक जगतं.

जस्तही शरीराला लागतंच, आणि फसगत इथेच होते. जस्त स्वस्त, शिशापेक्षा हलकं, नावानं ‘शिसेविरहित’. मात्र आम्लात ते झपाट्यानं विरघळतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळीव मॅलर्ड बदकांना जस्ताचे छर्रे गिळवले. काही बदकं ३० दिवसांच्या आत मेली. उरलेल्यांचं वजन घटलं, पाय लटपटू लागले. जस्ताचा मोठा घाव बसतो तो स्वादुपिंडावर. पिंजऱ्याची जस्तलेपित तार कुरतडणारे पोपट आजारी पडतात, ते याच विषानं. अमेरिकेचं एक सेंटचं नाणं १९८२ पासून जवळजवळ सगळं जस्ताचंच आहे. ते गिळलेली कुत्री पशुवैद्यांकडे न्यावी लागतात.

म्हणूनच अमेरिकेत नव्या छऱ्याला परीक्षा द्यावी लागते आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. रसायनाचा कागदोपत्री हिशेब अपुरा पडला, तर मॅलर्डना प्रत्येकी आठ छर्रे देऊन ३० दिवस पाहतात. शंका उरली, तर पुढची चाचणी थंडीत आणि निकृष्ट खुराकावर होते, कारण खरं बदक हिवाळ्यात तसंच जगतं. अंडी आणि पिल्लंही तपासतात. पोटभर खाल्लेल्या, उबेतल्या बदकावर काढलेला निष्कर्ष तळ्यावर टिकला नसता. बिस्मथ-कथील आणि टंगस्टनचे काही मिश्रधातू या वाटेनं मंजूर झाले. टंगस्टन-लोखंडाचे छर्रे दिलेल्या बदकांच्या हाडांत आणि यकृतात टंगस्टनचा अंश सापडला, पण १५० दिवसांत त्यानं एकही मेलं नाही.

शिसं बंद केल्याचं फळ मोजलंही गेलं. १९९६ आणि १९९७ च्या हंगामांत पक्ष्यांच्या मिसिसिपी स्थलांतरमार्गावर मारलेल्या हजारो बदकांच्या पेषण्या संशोधकांनी तपासल्या. मॅलर्डनी गिळलेल्या छऱ्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश बिनविषारी होते. शिशाच्या विषबाधेचे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटले, असा त्यांचा हिशेब होता.

युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत शिशाचे छर्रे बंद केले. मात्र पर्यायी छऱ्याला अमेरिकेसारखी सक्तीची परीक्षा तिथे नाही. माझ्या मते हे काम अर्धंच झालं आहे. शिसं नको म्हणताना काय चालेल, तेही कायद्यानं सांगायला हवं. अमेरिकेचा नियम ते बारकाईनं सांगतो: मंजूर छऱ्यावर जस्ताचा पातळ मुलामा चालतो, अख्खा जस्ताचा छर्रा चालत नाही.

पुढच्या आठवड्यात ब्रिटनच्या नद्यांवर जाऊ. तिथे हंसांचा जीव गळाच्या दोरीला लावलेल्या शिशाच्या वजनांनी घेतला होता.