धनुष्याने हरणाची शिकार : अंतर, वेग आणि कायदा (नाशिक परिसराच्या संदर्भात)

नाशिक परिसराने हरणाच्या शिकारीची एक स्मृती जपली आहे, आणि ती धनुष्याचीच आहे. पंचवटीत वास्तव्यास असताना रामाने सुवर्णमृगाच्या रूपातील मारीचाचा वेध निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर येथे घेतला, अशी परंपरेची धारणा असून तेथील मृगव्याधेश्वर मंदिर या कथेशी जोडले जाते. कथेतील मृग धनुर्धराला दूर दूर नेतो, हा तपशील शिकारीच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. बाणाच्या शिकारीत खरा प्रश्न बळाचा नसून अंतराचा असतो. प्रस्तुत लेखात पारंपरिक तीरकामठा आणि क्रॉसबो यांचा विचार याच अंगाने केला आहे.

क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवे बसविलेले धनुष्य होय. त्याची ताणलेली दोरी खटक्यात अडकून राहते व चाप ओढताच बाण सुटतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत परवान्यावर त्याने हरीण मारता येते. अधिक चांगला क्रॉसबो निवडताना बहुधा ताणाच्या आकड्यावर भर दिला जातो. परंतु हा निकष अपुरा आहे. साठविलेली ऊर्जा ताण आणि खेच या दोहोंवर अवलंबून असते. 68 किलो ताण व 27 सेंटिमीटर खेच असलेल्या क्रॉसबोत ढोबळमानाने 90 ज्यूल ऊर्जा साठते, तर 23 किलो ताणाच्या, 50 सेंटिमीटर खेचल्या जाणाऱ्या हातधनुष्यात 56 ज्यूल. म्हणजे ताण तिप्पट होऊनही ऊर्जा दीडपटीच्या थोडीच पुढे जाते.

याहून महत्त्वाची बाब ध्वनीची. क्रॉसबोचा बाण सेकंदाला सुमारे 100 मीटर वेगाने जातो, असे मानू. ध्वनीचा वेग 340 मीटर आहे. तीस मीटरवरील हरणाला दोरीचा आवाज 0.09 सेकंदात ऐकू येतो, बाण मात्र 0.3 सेकंदांनी पोहोचतो. मधल्या 0.2 सेकंदात दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडते आणि त्याचे शरीर काही सेंटिमीटर खाली जाते. फुप्फुसाचा नेम मग पाठीवर जातो. बाण गोळीसारखा आघाताने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. त्यामुळे चुकलेल्या नेमाचा अर्थ जखमी होऊन निसटलेले, पुढे कुठेतरी झुरून मरणारे जनावर असा होतो. पंधरा मीटरवर हीच तफावत निम्मी होते. तात्पर्य, कमी आवाजाचे व अचूक धनुष्य नुसत्या जोरदार धनुष्यापेक्षा श्रेष्ठ, आणि जवळ जाण्याचे कौशल्य या दोहोंहून श्रेष्ठ.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांतील आदिवासींच्या तीरकामठ्यामागे हेच शहाणपण आहे. भिल्लांच्या कामठ्याची काठी बांबूची, आणि दोरीही परंपरेने बांबूच्याच चिवट पट्टीची. सेकंदाला 50 मीटर वेगाने बाण जातो असे धरले, तर तीस मीटरवर हरणाला अर्धा सेकंद मिळतो. म्हणून असे हत्यार दाट झाडीत, वाऱ्याची दिशा पाहून, दबा धरून वापरावयाचे. जिल्ह्याच्या पूर्वेला, येवला तालुक्यातील ममदापूरच्या उघड्या माळावर हे शक्यच नाही. तेथील काळवीट (जे शास्त्रीय वर्गीकरणानुसार मृगकुलातील नव्हेच) माणसाला लांबूनच हेरते. अशा माळरानांवर फासे, जाळी आणि संस्थानिकांचे शिकवलेले चित्तेच वापरले गेले, यात नवल नाही.

आज ही सर्व चर्चा भारतापुरती इतिहासाची व भौतिकशास्त्राची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 ने शिकारीस बंदी घातली असून ‘शस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. काळवीट अनुसूची एकमध्ये असल्याने त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास होऊ शकतो. 2022 च्या सुधारणेनंतर किमान दंड 25,000 रुपये झाला आहे. पारंपरिक शस्त्र म्हणून नाशिकच्या आदिवासींना यातून सूट नाही, आणि ज्यांच्या हातात हे ज्ञान आहे त्यांच्याशी चर्चा न होता ते केवळ मिरवणुकीपुरते उरावे, ही बाब अभ्यासकांनी सहज घेण्यासारखी नाही. कलम 65 ने शिकारीचे हक्क अबाधित ठेवले ते निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचे. आणि क्रॉसबो परंपरेने बाळगणाऱ्या भारतातील मोजक्या समाजांपैकी निकोबारी हा एक आहे.