अभिनय, पोट आणि आपण

नाटकाचे वेड असणे ही एक गोष्ट आहे आणि नाटकावर पोट भरणे ही दुसरी. या दोहोंमधले अंतर कोणी मोजून दाखवत नाही, म्हणून आपली अनेक गुणी मुले त्यातच हरवतात. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. युवक महोत्सव संपला की दरवर्षी दोन-तीन मुले येऊन विचारतात, 'सर, यातच काही करता येईल का?' यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, कोणाचे नगरपालिकेत झाडूकाम करतात. अशा मुलांना 'कलेसाठी जगा' असे सांगणे हा क्रूरपणा आहे आणि 'स्पर्धा परीक्षेचे बघ' म्हणून वाटेला लावणे ही टाळाटाळ आहे. म्हणून या व्यवसायाचा व्यवहार जसा आहे तसा येथे मांडतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या समाजाला अभिनय नवा नाही, अभिनयाचे हक्काचे मोल नवे आहे. महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी तमाशाच्या बोर्डावर पिढ्यान्‌पिढ्या गावांची करमणूक केली. पण गावाच्या लेखी ते जातीचेच काम होते. त्याबद्दल मिळे ती बक्षिसी, दौलतजादा. मजुरी हक्काने मागता येते, बक्षिसी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याएवढी मोठी कलावंत क्वचितच झाली. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, तरी अखेरचा काळ आर्थिक ओढाताणीतच गेला. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सन्मान आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे यावरून कळावे.

आपली दुसरी परंपरा आंबेडकरी जलशांची. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यावस्त्यांत जलसे केले ते पैशासाठी नव्हे. तो चळवळीचा भाग होता आणि त्याग म्हणून तो थोरच आहे. परंतु ती सवय आपली मुले बाजारातही घेऊन जातात. ओळख होईल, नाव होईल, या आशेवर ती निर्मात्याकडे फुकट राबतात. चळवळीसाठी फुकट काम करणे हा त्याग. नफा कमावणाऱ्या निर्मात्यासाठी फुकट काम करणे ही वेठबिगार. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे कामाला ठरलेले आणि रोख मोल असावे हाच विचार होता. तो विचार रंगमंचावर येताच थांबू नये.

मुलींच्या घरून होणारा विरोध हा निव्वळ मागासलेपणा समजू नये. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूराव यांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकिकत सांगितली जाते. आपल्या बायकांच्या नाचण्यावर उभा राहिलेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. आजच्या आईच्या मनातली भीती तेथूनच आलेली आहे. तिचे उत्तर 'काळ बदलला' असे नाही. काम कोणाचे, ठिकाण कोणते, वेळ किती, परतण्याची सोय काय, हे कागदावर दाखवणे हे तिचे उत्तर आहे.

आता पैसा कसा येतो ते पाहू. हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर पैसा नाही. राज्य नाट्य स्पर्धा असो की पुण्यातला १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक असो, ती शाळा आहे. तेथे शिकावे, दिसावे, ओळखी कराव्यात, पण तेथून घरखर्च निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. व्यावसायिक नाटकात दर प्रयोगाचे मानधन ठरते. त्याला 'नाईट' म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट. महिनाभराच्या तालमींचे बहुधा काहीच मिळत नाही आणि नाटक पडले तर तालमींचे दिवसही बुडाले. मालिकेत दिवसाचा दर असतो. दिवस बारा तासांचा, कधी त्याहून मोठा. आणि पैसे हाती येतात ते साधारण नव्वद दिवसांनी. म्हणजे काम मिळाल्यावरही तीन महिने पदरचे खाऊन जगायचे असते. ज्याच्या घरी शिल्लक आहे तो ते तीन महिने काढतो. आपला मुलगा तेथेच मोडतो. गुणवत्तेच्या गप्पांमध्ये ही गोष्ट कोणी बोलत नाही. चित्रपट, वेब मालिका आणि जाहिराती यांत भूमिकेगणिक बोली होते. डबिंग हेही अभिनयाचेच काम आहे. तेथे चेहऱ्याला नव्हे, आवाजाला किंमत आहे.

तमाशाच्या फडाचा हिशेब आणखी निराळा. हंगामापूर्वी कलावंताला 'उचल' मिळते आणि मग हंगामभर ती फेडत काम करावे लागते. उसाच्या फडातली उचल आणि तमाशाच्या फडातली उचल यांत नाव सारखे आहे, तसा फासही सारखा आहे. मालिकेतले थकलेले मानधन हा त्याचाच उलटा प्रकार. तेथे कामगार मालकाला उधार देतो.

माझ्या एका विद्यार्थ्याने एका मालिकेत अकरा दिवस काम केले. लेखी काही नव्हते, सगळे फोनवर ठरले होते. आठ महिन्यांनी निम्मे पैसे आले, उरलेले आजतागायत आले नाहीत. त्याच्याकडे दर ठरल्याचा साधा निरोपही जपलेला नव्हता, म्हणून दाद मागताना हात रिकामे. तेव्हापासून मी मुलांना चार गोष्टी सांगतो. दर, दिवस आणि पैसे देण्याची मुदत लेखी घ्यावी. करार नसेल तर निदान मोबाईलवर निरोप पाठवून उत्तर जपावे. कामाच्या प्रत्येक दिवसाची नोंद स्वतःच्या वहीत करावी. मानधनातून साधारण १० टक्के कर कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही आणि कष्टाचे पैसे सरकारात पडून राहतात. आणि चौथी गोष्ट, ऑडिशनला पैसे लागत नाहीत. काम देतो म्हणून जो पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसते. मुंबईत 'सिंटा' ही चित्रपट आणि दूरचित्रवाणी कलावंतांची संघटना १९५८ पासून आहे. पात्र होताच सभासद व्हावे. गिरणी कामगाराला जी गोष्ट कळली ती नटाला कळायला हरकत नसावी.

शिक्षणाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. भरमसाट फी घेणाऱ्या खाजगी वर्गांपेक्षा आधी सार्वजनिक संस्थांची दारे ठोठवावीत. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे. तेथे राखीव जागा आहेत आणि विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. पदवी आणि नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो, म्हणून हौशी नाटकांची पत्रके आणि प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी या संस्था तर आपल्या राज्यातच आहेत. या विषयात पदव्युत्तर पदवी घेतल्यास नेट परीक्षा देऊन अध्यापनाची वाटही खुली राहते.

दुसरा आधार असणे म्हणजे कलेशी बेइमानी, हा पांढरपेशा समज आहे. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते आणि सेवादलाच्या कलापथकात नाटके करत होते. १९७२च्या 'सखाराम बाईंडर'मधला नट त्या मातीकामातून आला. दादा कोंडके 'अपना बाजार'मध्ये नोकरीला होते. पोटाची चिंता मिटली म्हणून त्यांचा अभिनय पातळ झाला नाही. उलट, ज्याची चूल पेटलेली आहे तो वाईट भूमिका नाकारू शकतो.

भूमिकेचा प्रश्नही पोटाशीच बांधलेला आहे. आपल्या मुलांना 'न-ण'वरून हसले जाते आणि मग गडी, गुंड, हवालदार एवढेच वाट्याला येते. श्वास, उच्चार, आवाजाची फेक यांची मेहनत जरूर करावी. प्रमाण भाषा हे एक हत्यार आहे, ते हाती असावे. पण आपल्या बोलीची लाज बाळगून ते मिळवू नये. 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) यांतली नवखी मुले त्यांच्या बोलीसकट पडद्यावर आली, कारण लिहिणारे आणि दिग्दर्शन करणारे नागराज मंजुळे त्याच वाटेने आलेले होते. 'लागिरं झालं जी' (२०१७) या मालिकेचे चित्रीकरण सातारा जिल्ह्यात झाले आणि तेथील बोलीला काम मिळाले. 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली ते गेले, तोवर त्यांची पहिली ओळख कार्यकर्ता हीच राहिली. दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी यांनी नाटके लिहिली तेव्हा आपल्या माणसांसाठी भूमिकाही निर्माण झाल्या. तेव्हा नटाबरोबरच लेखक, प्रकाशयोजनाकार आणि निर्माताही आपल्यातून घडला पाहिजे. नाट्यक्षेत्रात केवळ चेहरा विकणारा सर्वांत आधी बदलला जातो.

शेवटी एक गोष्ट आपल्यालाच विचारायची आहे. १४ एप्रिलला आपल्या समित्या ध्वनिक्षेपकवाल्याला, मंडपवाल्याला, डीजेवाल्याला ठरलेले पैसे मोजून देतात. नाटक करणाऱ्या मुलांना मात्र हार, टाळ्या आणि 'समाजाचे काम आहे' हे वाक्य मिळते. ती मुले प्रवासखर्च स्वतः करून, सुट्टी टाकून आलेली असतात. निर्मात्याकडून जो हक्क आपण मागणार, तो आपल्या मांडवात आधी दिसला पाहिजे. प्रवासखर्च, जेवण आणि थोडे का होईना पण ठरलेले मानधन, पावती घेऊन. प्राध्यापकांनी महाविद्यालयाच्या नाट्यनिधीचा हिशेब मुलांपुढे ठेवावा, कार्यकर्त्यांनी समितीच्या अंदाजपत्रकात कलावंतांसाठी एक ओळ घालावी. येत्या जयंतीच्या बैठकीत हा विषय मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.