मातीचं भांडं कुणी जपायचं?

उन्हाळा लागला की आमच्या नंदनवनात रस्त्याच्या कडेला तणसावर माठ मांडले जातात. गिऱ्हाईक टिचकी मारतं, खणखणीत आवाज आला तर घेतं. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. एकदोन उन्हाळ्यांत पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजतात आणि माठ कुंडीच्या कामाला लागतो. तांब्यापितळेला निदान मोडीचा भाव येतो; खापराला कोण विचारतो?

घरगुती वस्तू जपणारी माणसं आपल्याकडे झाली. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे पुण्याचे दिनकर केळकर. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, कलमदानं जमवायला सुरुवात केली. वीस हजारांच्या घरात गेलेला हा संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं उभा राहिला आणि १९७५ साली त्यांनी तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. अहमदाबादेत सुरेंद्र पटेलांनी १९८१ मध्ये खास भांड्यांचंच संग्रहालय काढलं. पण दोन्हीकडे डोळे दिपतात ते धातूच्या कामानं. मातीसाठी वेगळी जागा केली ती दिल्लीजवळच्या आनंदग्रामात ओ. पी. जैन यांनी, १९९० मध्ये.

गंमत अशी की मातीची खूप जुनी भांडी आपल्या नागपूरच्या आसपासही निघाली आहेत. डॉ. शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठाच्या मंडळींनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा इथं आणि १९७० ते ७२ मध्ये माहुरझरीला उत्खनन केलं. तिथल्या शिलावर्तुळांत मृतांसोबत पुरलेली काळी-तांबडी भांडी मिळाली, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. भाजताना भांडं पालथं घालत असावेत, असं अभ्यासक मानतात. आत हवा पोचत नाही म्हणून तिथं काळं, बाहेर पोचते म्हणून तांबडं.

म्हणजे मेलेल्या माणसाला दिलेलं भांडं टिकलं आणि आजीनं ताक घुसळलेला डेरा मात्र हरवला. डेरा, रांजण, गाडगं, बोळकं, सुगड ही नुसती नावं नव्हेत. प्रत्येकाचं काम वेगळं, तोंड वेगळं, जाडी वेगळी. नुसती वस्तू कपाटात ठेवून हे कळत नाही. शेजारी कुंभाराची थापी हवी, आव्याचं चित्र हवं, आणि त्या भांड्यात काय शिजायचं तेही लिहिलेलं हवं.

संक्रांतीच्या आमच्या एका सुगडाखाली मी चिठ्ठी चिकटवली आहे: कुठल्या बाजारातून घेतलं, कुठल्या वर्षी, आत काय भरलं. भाव लिहायचा राहिला, तो यंदा लिहीन.