तपासणी नाक्यावरच्या साक्षीदार महिला
वेस्ट बँकमध्ये शेजारच्या शहरात जायचे तरी पॅलेस्टिनी माणसाला अनेकदा इस्रायली लष्कराचा तपासणी नाका ओलांडावा लागतो. हिब्रू भाषेत अशा नाक्याला 'मखसोम' म्हणतात. २००१ साली काही इस्रायली महिलांनी 'मखसोम वॉच' ही संघटना स्थापन केली. तिच्या सभासद फक्त महिलाच आहेत.

त्यांचे काम साधे आहे. नाक्यावर उभे राहायचे. रांग किती मोठी, कोणाला किती वेळ अडवले, कोणाला परत पाठवले, हे लिहून अहवाल प्रसिद्ध करायचा. रामल्ला आणि जेरुसलेमच्या मधल्या कलंदिया नाक्यावर मजूर पहाटेच्या अंधारात रांग लावत. ऑक्टोबर २०२३ नंतर त्यांपैकी बहुतेकांचे परवाने स्थगित झाले. ज्यांची शेते विभाजक भिंतीपलीकडे गेली, त्यांना स्वतःच्या जमिनीत जायलाही परवाना लागतो आणि फाटक ठरावीक वेळीच उघडते.

निरीक्षणामुळे नाका हटत नाही, उलट तो सुसह्य दिसू लागतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खोडून काढणे सोपे नाही. पण ताबा ठेवणाऱ्या देशाच्याच नागरिकांनी लिहिलेली ही नोंद आहे. 'आम्हाला माहीतच नव्हते' असे म्हणण्याची सोय ती त्यांच्या समाजाला ठेवत नाही.